बी.एड.चा सरावपाठ, खिशातला मोबाइल आणि आपला स्वभाव

बी.एड.ला ‘आयसीटी’ (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) आणि ‘स्वतःला समजून घेणे’ हे दोन्ही विषय बहुतेक छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, एकाच पद्धतीने उरकतात. फाइल करायची, मुखपृष्ठ रंगवायचं, सही घ्यायची. पहिल्या फाइलीत पाच-सहा स्लाइडांचं सादरीकरण, दुसरीत ‘माझी बलस्थाने व उणिवा’ असा तक्ता. व्यावसायिक विकास वगैरे तर नोकरी लागल्यावरच्या गोष्टी, तेव्हाचं तेव्हा बघू.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या मनात मात्र वेगळं होतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, घातली. पहिल्या वर्षी ४ आठवडे, दुसऱ्या वर्षी १६. त्याच आराखड्यात व्यावसायिक क्षमता वाढवण्यासाठी म्हणून चार विषयांचा एक गट केला: वाचन-चिंतन, नाट्य आणि कला, आयसीटीची चिकित्सक समज, आणि स्वतःला समजून घेणे. तंत्रज्ञान आणि स्वभाव एकाच गटात का, हे फाइल बघून कळत नाही. त्यासाठी एखाद्या पाठात शिरावं लागतं.

चंद्रकलेचा पाठ घेऊ. सहावी-सातवीच्या वयाच्या मुलांना अमावास्या-पौर्णिमा घरातूनच माहीत असतात. आजी चतुर्थीला चंद्र बघून उपास सोडते, कोजागरीला दूध आटवतात. पण चंद्र अर्धा का दिसतो, असं विचारलं की वर्गातून एक उत्तर हमखास येतं: पृथ्वीची सावली पडते म्हणून. हा गैरसमज जगभर आहे आणि चिवट आहे.

छात्राध्यापकाची पहिली धाव यूट्यूबकडे. फिरणारी पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा चंद्र, मागे संगीत. मुलं खूश, वर्ग शांत, निरीक्षण वहीत शेरा: ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारा, निम्म्या वर्गातून पुन्हा सावली हेच उत्तर येण्याची तयारी ठेवा. व्हिडिओत चंद्र वरून, अवकाशातून दिसत होता. मुलाला तो गच्चीवरून दिसतो. या दोन जागांमधलं अंतर व्हिडिओने परस्पर मिटवून टाकलं आणि अडचण नेमकी त्या अंतरातच होती.

आता जुना प्रयोग. खोलीत अंधार करायचा, एक उघडा बल्ब लावायचा, तो सूर्य. काडीला खोचलेला पांढरा चेंडू म्हणजे चंद्र. चेंडू हात लांब करून, डोक्यापेक्षा थोडा वर धरलेल्या मुलीचं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड केलं की चेंडूची तिच्याकडची बाजू काळी: अमावास्या. डावीकडे पाव वळली की उजवा अर्धा भाग उजळलेला: शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ केली की पूर्ण गोल: पौर्णिमा. चेंडू खाली आला आणि तिच्या डोक्याची सावली त्यावर पडली, तर ते ग्रहण. कला आणि ग्रहण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे तिला हातानेच कळतं. मग कुणीतरी विचारतं की दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, आणि चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे हे सांगायची वेळ आपोआप येते.

प्रयोग उत्तम आहे, पण एक गोची आहे. हे सगळं फक्त मधल्या मुलीला दिसतं. बाकीच्या पन्नास जणांना दिसते चेंडू धरून फिरणारी एक मुलगी. मोबाइलचं काम इथे आहे. तिच्या डोळ्यापाशी कॅमेरा धरायचा, ती वळेल तसे आठ ठिकाणी आठ फोटो काढायचे आणि तेच फोटो लगेच टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर क्रमाने दाखवायचे. एकीला जे दिसलं ते सगळ्यांना दिसलं, आणि तेही पृथ्वीवरून. यूट्यूबवरची चकचकीत फिल्म आणि हे आठ साधे फोटो, दोन्हीला शाळेच्या दप्तरी ‘तंत्रज्ञान’च म्हणतात.

या फरकाला शिक्षणशास्त्रात एक बोजड नाव आहे: टीपॅक. नाव सोडा, कल्पना सोपी आहे. १९८६ साली ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने मांडलं की विषय येणं वेगळं आणि शिकवण्याच्या रीती येणं वेगळं. शिक्षकाकडे या दोन्हींच्या मिश्रणातून तयार झालेलं तिसरंच ज्ञान असतं. कुठल्या मुद्द्यावर मुलं अडखळतात, कुठलं उदाहरण लागू पडतं, कुठलं उलट गोंधळ वाढवतं, हे त्यात येतं. आपल्याकडे ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. २००६ साली पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान मिसळलं, तेच टीपॅक. पॉवरपॉइंट येतं म्हणजे तंत्रज्ञान येतं, असं ते म्हणत नाहीत. हा आशय, ही मुलं, ही पद्धत, मग हे साधन इथे नेमकं काय करतं जे खडू करू शकत नाही, याचं उत्तर देता आलं पाहिजे. चंद्रकलेत उत्तर होतं: एकीची नजर पन्नास जणांना देणं. असं एका वाक्यातलं उत्तर सुचत नसेल, तर त्या दिवशी खडूच बरा. हे मी गंमतीने म्हणत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा बातम्यांमधून सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकांत घातलेला क्यूआर कोड गाजला. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, तेही गाजलं. मागे राहिली ती मूळ अडचण: मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि हातातलं पुस्तक दुसऱ्या भाषेत. कोडच्या पलीकडे मुलांना कळेल असं काहीतरी होतं, म्हणून कोड कामाचा ठरला. आज बालभारतीच्या पुस्तकांत धड्याधड्याला कोड आहेत, ते स्कॅन केले की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरचं साहित्य उघडतं. ते आधी स्वतः शेवटपर्यंत बघून, त्यातली कुठली दोन मिनिटं आपल्या पाठात बसतात ते ठरवणारा छात्राध्यापक मात्र विरळा.

चॅटबॉटकडून पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लिहून घेण्याचंही तसंच. ते आता सर्रास चालतं, मार्गदर्शकांनाही ठाऊक आहे आणि टाचण दिसतंही नीटनेटकं; हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्या, जशीच्या तशी. फक्त तुमच्या वर्गातली मुलं कुठे चुकणार, हे त्या यंत्राला माहीत नसतं. माझ्या मते त्याचा जास्त चांगला उपयोग उलट्या बाजूने होतो. आपण लिहिलेले प्रश्न त्याला द्यायचे आणि विचारायचं, यातल्या कुठल्या प्रश्नांची उत्तरं एका शब्दात संपतात? यादी बघून जरा वाईट वाटतं, पण काम होतं. मुलांची नावं, गुण, फोटो मात्र त्यात टाकायचे नाहीत.

कॅमेरा उलटा फिरवला तर

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठाचा सराव, प्रत्येक बी.एड.वाल्याने केलेलं असतं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (झालेल्या पाठावर अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा. छत्तीस मिनिटांचं चक्र तोंडपाठ असतं. ही पद्धत १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिथे व्हिडिओ रेकॉर्डर हा तिचा कणा होता: पाठ घ्या, स्वतःला बघा, सुधारा, परत घ्या. भारतात एनसीईआरटी आणि बडोद्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ती आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली. महागडी यंत्रं परवडणारी नव्हती, म्हणून कॅमेऱ्याच्या जागी सहाध्यायी आणि मार्गदर्शक आले, विद्यार्थी म्हणूनही सहाध्यायीच बसले. त्या काळात हा व्यवहारी मार्ग होता. आज प्रत्येकाच्या खिशात त्या रेकॉर्डरपेक्षा कितीतरी चांगलं यंत्र आहे आणि तरी प्रत्याभरण आपण कागदावरच घेतो: ‘आवाज स्पष्ट होता’, ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘आत्मविश्वास वाढवावा’. आत्मविश्वास वाढवावा म्हणजे उद्या सकाळी उठून काय करावं, ते कुणी लिहीत नाही.

माझ्या लेखी छात्राध्यापकासाठी मोबाइलचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच: स्वतःचा पाठ रेकॉर्ड करणं. मागच्या बाकावर, कॅमेरा फळ्याकडे, मुलांचे चेहरे येणार नाहीत असा. मुख्याध्यापकांची आणि वर्गशिक्षकांची परवानगी आधी. खरं तर नुसता आवाज रेकॉर्ड केला तरी पुष्कळ भागतं.

मग ऐकायचं काय? इथे नेड फ्लँडर्स या अमेरिकी अभ्यासकाची जुनी रीत कामी येते, जी परीक्षेपुरती पाठ करून आपण विसरतो. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याची नोंद, एकूण दहा प्रकार: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांतता किंवा गोंधळाचा. फ्लँडर्सच्या निरीक्षणात वर्गातला साधारण दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं आणि त्यातलं दोन तृतीयांश बोलणं शिक्षकाचं असतं. दहाच्या दहा प्रकार वापरायची गरज नाही. पाठातली मधली दहा मिनिटं घ्या, दर तीन सेकंदांनी एक अक्षर लिहा: मी बोललो तर ‘मी’, एखादं मूल स्वतःचं वाक्य बोललं तर ‘मू’, सगळ्यांनी मिळून ‘होऽ सर’ म्हटलं तर ‘हो’, काहीच नाही तर टिंब. दोनशे खुणा होतात. कागदावर ‘मी’ची रांगच्या रांग उभी राहते, मध्येच एखादा ‘मू’, आणि ‘समजलं का?’नंतर न चुकता येणारा ‘हो’. मुलांनी ‘हो’ म्हटलं म्हणजे त्यांना समजलं, असं बिलकुल नसतं. तुम्ही पुढे जावं, एवढाच त्याचा अर्थ.

त्या कागदावर टिंबं किती आहेत ते खास बघा. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? साधारण एक सेकंद. एका सेकंदात उत्तर आलं नाही की तो प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. १९७४ सालचे हे निष्कर्ष आहेत. वर्गात एकही नवं यंत्र न आणता मिळणारा फायदा आहे, आणि तरी अंमलात आणायला महाकठीण. वाटत नसेल तर भर वर्गात प्रश्न विचारून मनात एक-दोन-तीन मोजून बघा. तीन सेकंद केवढे मोठे असतात!

कठीण का जातं, याचं उत्तर आयसीटीच्या फाइलीत सापडत नाही. ते दुसऱ्या फाइलीत असायला हवं होतं.

स्वभाव म्हणजे नेमकं काय

व्यक्तिमत्त्व म्हटलं की आपल्याकडे इस्त्रीचे कपडे, भारदस्त आवाज आणि शिष्टाचार एवढंच डोळ्यांसमोर येतं. मानसशास्त्रात सर्वांत टिकलेली मांडणी पाच पट्ट्यांची आहे: नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. हे कप्पे नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो आणि बहुतेक जण मध्याच्या आसपास. म्हणून ‘तुम्ही या सोळांपैकी अमुक प्रकारचे आहात’ असं सांगणाऱ्या चाचण्यांवर फार विसंबू नये. मधल्या माणसाला त्या एकदा या कप्प्यात टाकतात, एकदा त्या. ‘हे मूल दृश्य शैलीचं, ते श्राव्य शैलीचं’ या वर्गवारीचंही तेच. मुलाच्या शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार नाही, असं हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पुरावे तपासून सांगितलं. आपल्या नोट्समधून ती वर्गवारी अजून गेलेली नाही.

मग चांगल्या शिक्षकाचा स्वभाव कसा असतो? लिसा किम आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मनमिळाऊपणा सोडून बाकीच्या चार गुणांचा अध्यापनाच्या परिणामकारकतेशी संबंध दिसला, पण छोटा. मनमिळाऊपणाचा दिसला नाही, हे वाचून स्टाफरूममध्ये अनेकांच्या भुवया उंचावतील. मला त्यातलं ‘छोटा’ हे जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वभावावरून कुणी शिक्षक होणार की नाही, हे सांगता येत नाही. शिकताना कुणाचा घाम कुठे गळणार, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं.

पुन्हा त्या तीन सेकंदांकडे या. बोलघेवडा छात्राध्यापक थांबत नाही, कारण शांतता दिसली की ती भरून काढायची त्याला सवय आहे. धास्तावलेली छात्राध्यापिका थांबत नाही, कारण त्या शांततेत तिला वाटतं, आता मागे बसलेले सर लिहिणार की वर्गातून प्रतिसाद नाही. काटेकोर माणूस थांबत नाही, कारण टाचणात ‘मूल्यमापन’ अजून बाकी आहे आणि घंटा जवळ आली आहे. फारच प्रेमळ असेल तर मूल अडखळलेलं बघवत नाही, म्हणून उत्तर तोच पुरवतो. रेकॉर्डिंगमध्ये चौघांचाही एकच सेकंद ऐकू येतो. शेरा द्यायचा तर चौघांच्या वहीत ‘प्रतिसादासाठी वेळ द्यावा’ असा एकच जाईल आणि चौघांनाही तो निरुपयोगी. बोलघेवड्याने प्रश्न विचारून पाठ फिरवावी, फळ्यावर तोच प्रश्न लिहून काढावा. हात गुंतला की तोंड थांबतं. धास्तावलेलीने आधी मुलांना वहीत उत्तर लिहायला सांगावं, म्हणजे त्या शांततेला काम मिळतं आणि सरांनाही ते दिसतं. काटेकोर माणसाने टाचणातच ‘येथे पाच सेकंद थांबणे’ असं लिहून टाकावं, तो ते पाळणारच! प्रेमळाने ‘शेजारच्याशी बोला, मग सांगा’ म्हणावं.

अबोल माणसांना एक भीती कायम असते, की हे काम आपलं नाही. ब्रायन लिटल नावाचे कॅनडातले व्यक्तिमत्त्वाचे अभ्यासक स्वतः पक्के अंतर्मुख, पण व्याख्याते म्हणून अतिशय रंगतदार. त्यांचं म्हणणं असं की ज्याची मनापासून ओढ आहे त्या कामासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, मात्र नंतर त्याला सावरायला जागा लागते. व्याख्यानांच्या मध्ये एकांत मिळावा म्हणून ते चक्क स्वच्छतागृहात जाऊन बसत, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. सलग तीन पाठ घेऊन मधल्या सुट्टीत गप्पांना न थांबता झाडाखाली जाऊन डबा खाणारी सहकारी तुसडी असतेच असं नाही. उलट बाजू कमी बोलली जाते: गप्पिष्ट माणसाला मुलांचं ऐकून घेणं हेही स्वभावाबाहेरचंच काम आहे, आणि वर्गात बोलण्यापेक्षा त्याची टंचाई जास्त.

पन्नास तास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. ‘निष्ठा’ या सरकारी कार्यक्रमातली शिक्षक-प्रशिक्षणं २०१९ पासून आहेत, दीक्षावर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, केंद्राकेंद्रावर शिक्षण परिषदा होतात. सोय झाली हे चांगलंच, कारण गडचिरोलीतल्या शिक्षकालाही पुण्यासारखाच अभ्यासक्रम घरबसल्या मिळतो. त्यातलं साहित्य काही वेळा खरोखर चांगलं असतं. पण मोबाइल चार्जिंगला लावून व्हिडिओ आपला आपण चालू द्यायचा, शेवटची प्रश्नावली ग्रुपवर आलेल्या उत्तरांवरून भरायची आणि प्रमाणपत्र पाठवून द्यायचं, हा प्रकार शिक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच दाखवलं होतं की नुसती माहिती आणि प्रात्यक्षिक यातून वर्गात फारसं काही झिरपत नाही. करून पाहणं, त्यावर कुणीतरी बोलणं आणि नंतर वर्गातच कुणाची तरी सोबत असणं, एवढं झालं की बदल टिकतो. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण घेतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि नंतर पाठावर चर्चा करतात. तिथल्या शाळांची ही जुनी रीत आहे. आपल्या आंतरवासितेत एका शाळेवर आठ-दहा छात्राध्यापक एकत्र असतात, रोज एकमेकांच्या पाठांना बसतात आणि वहीत चांगलं-चांगलं लिहून मोकळे होतात. नोकरी लागल्यावर दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना ही चैन पुन्हा मिळत नाही.

म्हणून मैत्रिणीला एकच काम सांगावं: ‘माझे प्रश्न आणि त्यानंतरचे सेकंद मोज, बाकी काही लिहू नकोस.’ आणि चिंतनाच्या पानावर ‘पाठ उत्तम झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ या ठरलेल्या वाक्याच्या जागी साधारण असं काही यावं:

‘पाठ: चंद्रकला. मधली दहा मिनिटं ऐकली. मी १३८, मूल २२, हो २९, शांतता ११. “मग अर्धाच का दिसतो?” यानंतर एक सेकंद थांबले आणि उत्तर मीच दिलं. तेव्हा मागचा एक मुलगा “सावली” म्हणत होता, ते मला वर्गात ऐकू आलं नाही, रेकॉर्डिंगमध्ये आलं. फोटो दाखवताना क्रम मी सांगितला, तो मुलांनी लावायला हवा होता. पुढच्या पाठात फोटो उलटसुलट देणार, आधी वहीत क्रम लिहून घेणार, मग बोलणार. त्या मुलाला चेंडू धरायला बोलावणार. रेकॉर्डिंग पुसलं.’